इंजिनरूममध्ये नव्याने येणाऱ्या ज्युनिअरला

कोर्स संपवून जहाजावर निघाला आहेस, तर बाजाराच्या बातम्यांनी हुरळून जाऊ नकोस आणि घाबरूही नकोस. मालवाहतुकीची भाडी वर-खाली होतच राहतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, कंटेनर जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. अंतर वाढलं, जहाजं कमी पडली, दर चढले. असे चढ टिकत नाहीत.

कार्बनचा प्रश्न मात्र तुझ्या अख्ख्या नोकरीला पुरेल. आयएमओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने, 2050 च्या आसपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य ठेवलंय. 2023 पासून मोठ्या मालवाहू जहाजांना सीआयआयची, म्हणजे माल वाहण्याची क्षमता आणि कापलेले मैल यांच्या मानाने किती कार्बन सोडला याची, ए (उत्तम) ते ई (वाईट) श्रेणी मिळते. बंदराबाहेर नांगर टाकून थांबलो की जनरेटर आणि बॉयलर तेल खात राहतात, मैल मात्र शून्य, मग श्रेणी घसरते. खलाशांचा यात काही दोष नसतो, आणि मला हे अन्यायाचंच वाटतं. म्हणूनच नून रिपोर्टमधला, म्हणजे रोज दुपारी जहाजावरून जाणाऱ्या अहवालातला, तेलाचा आकडा अंदाजाने भरू नकोस. फ्लोमीटर वाच, टाकीचं साउंडिंग (तेलाच्या पातळीचं माप) स्वतः घे, दोन्ही जुळतात का बघ. युरोपच्या फेऱ्यांवर 2024 पासून उत्सर्जनाचे पैसे मोजावे लागतात, तेही याच आकड्यांवरून.

वेग थोडा उतरवला तरी तेल बरंच वाचतं. पण तळाला शेवाळ-शिंपले चिकटले की तो फायदा हातचा जातो.

मिथेनॉल आणि अमोनिया ही जहाजांची नवी इंधनं. मिथेनॉलचा कोर्स मिळाला तर सोडू नकोस. त्याची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. अमोनिया तर विषारीच. प्रशिक्षण घेतल्याशिवाय अशा इंधनावरच्या जहाजाच्या करारावर सही करू नकोस.