आईची गाठ आधीच काढून का टाकत नाहीत?

तुमच्या आईला व्हल्व्हाचा, म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाचा कॅन्सर आहे, गाठ लघवीच्या वाटेला भिडलीय आणि डॉक्टर आधी केमो-रेडिएशन, मग ऑपरेशन म्हणताहेत. "तोवर पसरली तर?" असं तुम्ही विचारलंय. माझ्या सासूबाईंच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. आम्ही कळव्याचे, उपचार खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या ॲक्ट्रेक केंद्रात झाले.

आधी ऑपरेशन केलं असतं तर गाठीबरोबर लघवीचा मार्गही गेला असता आणि कायमची पिशवी लागली असती. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. गाठ आधी आकसवायची आणि उरेल तेवढीच काढायची. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज, जवळपास सहा आठवडे. सोबत आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाइन. हा डोस लहान असतो, त्याने गाठीवर रेडिएशनचा मारा जास्त बसतो. किडनीला त्रास होऊ नये म्हणून दर वेळी आधी रक्त तपासतात आणि पाणी भरपूर प्यायला लावतात.

अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी ऑपरेशन शक्य नसलेल्या 58 बायकांना असेच उपचार दिले. 37 जणींची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली आणि त्यातल्या 29 जणींच्या बायोप्सीतही काही सापडलं नाही. सगळ्यांचं असं होत नाही, पण मला त्या आकड्यांनी धीर दिला.

आता कातडीचं बोलते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून जांघेतली कातडी सोलवटते, ओली होते. लघवी करताना अशी आग व्हायची की सासूबाई पाणी प्यायलाच घाबरायच्या. मग एका सिस्टरनी सांगितलं, लघवी करतानाच मगाने कोमट पाणी ओतत राहा. त्या एका गोष्टीने त्या पुन्हा पाणी प्यायला लागल्या. जुन्या मऊ सुती साडीचे तुकडे, सैल परकर, आणि विभागातून दिलेल्या मलमाशिवाय काही लावायचं नाही, खोबरेल तेलसुद्धा नाही.

त्रास झाला तरी स्वतःहून खाडे करू नका. मध्ये खंड पडला की गाठीला सावरायला वेळ मिळतो. ठाण्याहून पनवेल लोकलने जायचो, दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं. पण चौथ्या आठवड्यात त्यांना बसवेना, तेव्हा खारघरलाच खोली घेतली. तुम्ही हे आधीच करा.

सासूबाईंना सुरुवातीला तिथे खाज यायची, ती त्यांनी आठ महिने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली तेव्हाही जवळच्या डॉक्टरांनी न तपासता मलम दिलं. त्याचा राग अजून जात नाही. म्हणून आईला रोज स्पष्ट विचारा, "तिथे कसं वाटतंय?" लाजू देऊ नका.

रेडिएशन संपल्यावर काही आठवडे थांबवतात. कातडी भरून येते, गाठही आकसत राहते. मग पुन्हा तपासून ऑपरेशन ठरतं. आमचं लहानच झालं, लघवीची वाट वाचली. त्यांच्या पायाला सूज येते, त्यासाठी घट्ट मोजे घालतात. परवा त्या स्वतः भाजी आणायला खाली उतरल्या.