वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपला दुसरा अडॅप्टर चालेल का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपच्या अडॅप्टरची वायर उंदराने कुरतडली. मूळ अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर असे छापलेले होते. दुकानदाराने दिलेल्या पर्यायी अडॅप्टरवर १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर आहे. पिन नीट बसते, लॅपटॉपही चालतो, परंतु फार हळू. आणि बॅटरी ७ टक्क्यांवर अडकली असून ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असा संदेश येतो. जास्त अँपिअरमुळे बॅटरी जळाली, असे शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. अडॅप्टरवर छापलेला अँपिअरचा आकडा ही त्याची कमाल क्षमता असते. तेवढा प्रवाह तो लॅपटॉपमध्ये ढकलत नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावला म्हणून चार्जर जळत नाही, त्यातलाच हा प्रकार. १९.५ ला ३.३४ ने गुणले की सुमारे ६५ वॅट येतात आणि ४.६२ ने गुणले की ९०. आपला लॅपटॉप ९० वॅटच्या अडॅप्टरकडूनही गरजेपुरतेच घेईल, आणि अडॅप्टर उलट कमी तापेल. त्रास होतो तो ४५ वॅटचा अडॅप्टर ६५ वॅटच्या लॅपटॉपला जोडल्यावर. व्होल्टचे गणित मात्र वेगळे आहे. १९.५ च्या जागी १९ व्होल्ट बहुधा चालून जातात, कारण फरक अडीच टक्क्यांच्या आसपास असतो. पण सरकत्या बटणाने १२ पासून २४ पर्यंत व्होल्ट बदलता येणारे ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर मी कोणाला सुचवत नाही, कारण बॅगेत बटण सरकले तर मदरबोर्डच जायचा.

आपल्या अडचणीचे मूळ पिनमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे. पिनचे तोंड उजेडात धरून आत पाहावे. पोकळ नळीच्या मधोमध बारीक सुई दिसत असेल, तर वीज त्या सुईतून येत नाही. ती येते नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांतून. सुई असते ओळख पटवण्यासाठी. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये अडॅप्टरच्या आत एक छोटी चिप असते आणि ती सुईच्या वाटेने ‘मी इतक्या वॅटचा’ एवढाच निरोप लॅपटॉपला देते. एचपीच्या पिनेतही अशी सुई आढळते. निरोप पोहोचला नाही, तर लॅपटॉप समोरच्या अडॅप्टरवर भरवसा ठेवत नाही : स्वतः चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतो. आपण लिहिलेली दोन्ही लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

लॅपटॉप डेलचा असेल तर खात्री करणे सोपे आहे. तो सुरू होताना एफ २ दाबून बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) जावे आणि बॅटरीच्या माहितीत अडॅप्टरपुढे काय लिहिले आहे ते पाहावे. तेथे वॅटचा आकडा नसून ‘अननोन’ असेल, तर ओळख पटलेली नाही. मग त्याच प्रकारचा कोणाचा तरी मूळ अडॅप्टर दहा मिनिटांसाठी मागून आणावा. त्याने चार्जिंग सुरू झाले, तर दुकानातून आणलेल्या अडॅप्टरमध्ये चिप नाही, किंवा सुई वाकली आहे, किंवा पिनेच्या मानेपाशी आतली बारीक तार तुटली आहे. यांपैकी काहीही असो, तो परत करावा. मूळ अडॅप्टरनेही फरक पडला नाही, तर लॅपटॉपमधला चार्जिंगचा जॅक तपासून घ्यावा. एवढे झाल्याशिवाय कोणी नवी बॅटरी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये.

बदली अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्यूरोचे) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे, तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर तेथल्या तेथे तपासता येतो. मूळ वायर तीन पिनांची असेल, तर बोर्डात बसत नाही म्हणून दोन पिनांची वायर लावू नये. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की झिणझिण्या येतात, ही तक्रार अनेकदा अर्थिंग अशा तऱ्हेने तुटल्यामुळेच उद्भवते.

प्रश्न : नव्या लॅपटॉपला टाइप-सी चार्जर आहे. प्रवासात मोबाइलच्या चार्जरवर भागेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नुकसान होणार नाही. टाइप-सीमध्ये सुरुवात ५ व्होल्टने होते आणि चार्जर व लॅपटॉप यांचे आपसात ठरल्यावरच व्होल्ट वाढतात. परंतु लॅपटॉपला सहसा २० व्होल्ट लागतात, आणि मोबाइलचे अनेक वेगवान चार्जर आपल्याच कंपनीच्या फोनशी तेवढे मोकळेपणाने बोलतात. लॅपटॉपसमोर ते ५ व्होल्टवरच थांबू शकतात. म्हणून चार्जरवर ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे व्होल्ट आपसात ठरवण्याची टाइप-सीची सामाईक पद्धत) आणि २० व्होल्ट असा उल्लेख आहे का, ते वाचावे. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट नेते. आपल्या लॅपटॉपला त्याहून अधिक लागत असतील, तर ५ अँपिअरची केबल बरोबर ठेवावी.