आजोबांचं सांबर आणि आज्जीचा भारा

तुम्ही विचारलंय की घरातली जुनी माणसं हरणाची शिकार करायची का, त्याच्या काय आठवणी सांगितल्या जातात, आणि तेव्हा ते कायद्यात बसायचं का.

आमच्या घरात करायचे. गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांच्या हद्दीवरचं, डोंगराच्या कुशीतलं. आमच्याकडे काळवीट नाही, ते माळरानाचं जनावर. कोल्हापूर दरबारात चित्ते पाळून ते काळविटांच्या मागे सोडायचे, पण ती राजेलोकांची शिकार. आमच्या डोंगरात सांबर आणि भेकर. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. लहानपणी रात्री तो आवाज आला की मला वाटायचं, कुणाचं तरी कुत्रं रानात चुकलंय.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावरची. ती भरायची कशी, हे ते काठी हातात घेऊन करून दाखवायचे. आधी नळीत दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा गजानं ठासायचा, मग शिसं, परत बोळा, आणि शेवटी मागं केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी. एवढं करून एकच बार. तो चुकला तर जनावर पलीकडच्या डोंगरावर जाईपर्यंत तुम्ही बोळाच ठासत बसलेले. म्हणून सगळी मदार हाक्यावर. वीस-पंचवीस माणसं डबे बडवत, ओरडत खालून रान झोडपत यायची आणि बंदूकवाले वर खिंडीच्या तोंडाशी दबा धरून बसायचे. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर हाका फुकट, हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

पुरुषांची गोष्ट बार झाला की संपायची. पुढचं सगळं आज्जीकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं, भाकरी थापता थापता. पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. हाक्याला आलेल्या प्रत्येक घराला एक वाटा, मग पोरगं का आलेलं असेना. ज्याचा बार लागला त्याला मान जास्तीची. ज्याचं कुत्रं होतं त्याला अर्धा वाटा, आणि यावरून म्हणे दोन भावांत वर्षभर बोलणं बंद होतं. मटण घरात शिजायचं नाही, परसात वेगळी चूल मांडायची. सांबराच्या मांसाला चरबी कमी, ते चिवट, दुपारी चढवलेलं रात्री जेवणाला येईल याची खात्री नाही. "बाप्ये येऊन बसायचे, शिजलं का शिजलं का. बार काढायला काय लागतंय, सरपण कुणी आणायचं?" उरलेल्या मांसाच्या पट्ट्या मीठ-हळद लावून चुलीवरच्या दोरीला. त्या दोरीखाली मांजर तीन-तीन दिवस बसून राहायचं म्हणे.

आता कायद्याचं. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं. त्याआधी राधानगरी तालुक्यातलं दाजीपूरचं रान दरबारच्या शिकारीसाठी राखलेलं, तिथं रयतेनं बंदूक न्यायची नाही. पुढे 1951 मध्ये मुंबई राज्यानं वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात शिकारीला परवाना लागायचा. 1958 मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं. मग 1972 चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यातही सुरुवातीला काही जनावरांसाठी परवान्याची फट होती, ती 1991 च्या दुरुस्तीत बुजली. आमच्या आजोबांकडे परवाना होता तो बंदुकीचा. शिकारीचा वेगळा काढायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं की नाही, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बहुतेक वेळा नाही बसायचं.

एक सांगतो. अशा गोष्टींत गाभण हरिणी समोर येते, तिचे डोळे पाहून शिकारी कायमची बंदूक खाली ठेवतो. आमच्याकडे असलं काही घडलं नाही. आजोबांची शिकार सुटली ती मोतीबिंदूमुळे.

सोप्यातल्या खांबावर सांबराचं एक शिंग ठोकलेलं होतं, तीन टोकांचं, हातभर लांब. आजोबांची घोंगडी आणि छत्री त्यावर. ते सांबर कसं मारलं याची गोष्ट आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ होती: पावसाची झिमझिम, दारू ओली व्हायची भीती, शेवटच्या क्षणी वळलेलं जनावर. आजोबा गेल्यावर काही वर्षांनी एका लग्नाला भावकीतला एकजण आला, वनखात्यात गार्ड होता. छत्री अडकवता अडकवता त्यानं शिंगाच्या बुडाशी बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे गळालेलं आहे." सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. गळालेल्या शिंगाचं बूड खडबडीत कड्याचं आणि खाली गोलसर फुगीर असतं. मारलेल्या जनावराचं असतं तर कवटीचं हाड सोबत आलं असतं. आणि जोडी असती, हे तर आमच्याही लक्षात यायला हवं होतं.

सगळे आज्जीकडे बघायला लागले. ती तांदूळ निवडत होती.

"त्ये मीच आणलंतं. सरपणाच्या भाऱ्यात घालून. जड होतं, फेकून देणार हुते."

"मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमाला गोष्ट आवडायची की."

गळालेलं शिंगही असं घरात ठेवता येत नाही, असं गार्डानं जाता जाता बजावलं. पुढच्या आठवड्यात वडील ते पोत्यात गुंडाळून एसटीनं वनखात्याच्या ऑफिसात देऊन आले. खांबाला आता साधी लाकडी खुंटी आहे, आणि छत्री तिच्यावरून सारखी घसरते.