टक्के पुसून टाक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये विजयाचं श्रेय कोणत्या प्रशिक्षकाला किती, हा तुझा तक्ता पाहिला. मुख्य प्रशिक्षक 50 टक्के, आक्रमण आणि बचाव सांभाळणारे दोन्ही कोऑर्डिनेटर मिळून 30, उरलेले सहायक 20. हे आकडे आले कुठून? संघ जिंकला, वर्तमानपत्रांनी मुख्य प्रशिक्षकाचा फोटो छापला, तुझ्या खोलीतल्या मुलांनी ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे समोरच्यांना अडवून वाट करून देणाऱ्या पाच जणांच्या, प्रशिक्षकाचं नाव घेतलं आणि तू गोंधळलीस, एवढं कळतं. पण गोंधळावर टक्के हा उतारा नाही. निर्णय कोणाचा होता ते आधी शोध. नाव नंतर.

एलएसयूचं, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं, 2019 चं वर्ष घे. सहायक प्रशिक्षक जो ब्रॅडी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आले आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जो बरोचे टचडाउनचे, म्हणजे थेट गुण देणारे, पास आदल्या वर्षीच्या 16 वरून 60 वर गेले. संघ 15-0, म्हणजे एकही हार नाही. सर्वोत्तम सहायकाला मिळणारा ब्रॉयल्स पुरस्कार ब्रॅडींना मिळाला. पुढच्या वर्षी ते नव्हते आणि संघ 5-5. झालं, सगळ्यांनी हिशेब मिटवला! पण त्याच वेळी बरो गेला, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या एकाच निवडीत 14 खेळाडू गेले, पास झेलणारा जामार चेस खेळलाच नाही, बचावाचे कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडाही गेले. एवढं सगळं एकदम हललं असताना एकाच माणसाचं वजन कसं काढणार? शिवाय 2019 मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्स्मिंगर होते. ब्रॅडींकडे पासिंगच्या खेळाची जबाबदारी होती. आणि त्यांना आणायचं ठरवलं मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी. एकाच यशात तीन माणसांचे तीन निर्णय आहेत, आणि त्यांची बेरीज 100 होत नाही.

सहायक महत्त्वाचे नाहीत असं म्हणायला तू आता अलाबामा काढशील. काढ. 2009 ते 2020 मध्ये मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांनी तिथे 6 राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, 5 वेगवेगळ्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरांसह. यातून एवढंच दिसतं की माणूस निवडणं, त्याला मोकळीक देणं आणि तो गेल्यावर दुसरा शोधणं हेही काम आहे आणि ते सेबन यांचं होतं. मिशिगनचं 2023 याच्या उलट. मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ निलंबनामुळे 6 सामन्यांना मैदानावर नव्हते, तरी संघ सगळे जिंकला. पेन स्टेटविरुद्ध 24-15 च्या विजयात सूत्रं ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर शेरॉन मूर यांच्याकडे होती, आणि दुसऱ्या अर्धात पासची एकही नोंद नाही. तो हट्ट सहायकाचा. पण आठवडाभराचा सराव हार्बॉच घेत होते, हे विसरलीस की पुन्हा चुकलीस.

मला मुख्य प्रशिक्षकांचा राग आहे असं काही जण म्हणतात. नाही. एका हंगामावरून माणसाची किंमत ठरवण्याची चूक मी केली आहे, तीही बरीच वर्षं. म्हणून एवढा ताणून बोलतो.

आता काम. इनसाइड झोनचे, म्हणजे चेंडू घेऊन मधून धावायच्या डावाचे, 20 स्नॅप (एक स्नॅप म्हणजे एक डाव) आपल्या संघाच्या पहिल्या सामन्यातले घे आणि 20 नवव्यातले. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, मागच्या कॅमेऱ्याचंच चित्रण घे. बाजूच्या कॅमेऱ्यात पावलं दिसत नाहीत. ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या प्रत्येक लाइनमनसाठी दोनच प्रश्न: तो योग्य माणसाकडे गेला का? गेला असेल तर हरला का? चुकीच्या माणसाकडे गेला तर दोष बहुधा शिकवण्याचा, बैठकीच्या खोलीचा. योग्य माणसाकडे जाऊन मागे ढकलला गेला तर प्रश्न ताकदीचा, म्हणजे व्यायामाच्या प्रशिक्षकाचा किंवा मुळात निवडीचा. सगळ्यात जास्त वेळ कॉम्बो ब्लॉकवर घालव: दोघे मिळून बचावाच्या एका टॅकलला अडवतात आणि मग एक जण सुटून मागच्या लाइनबॅकरकडे जातो. तो लवकर सुटला तर टॅकल आत घुसतो. उशिरा सुटला तर लाइनबॅकर फट बुजवतो. ही अर्ध्या क्षणाची वेळ भाषणातून येत नाही. सराव, बैठका, व्यायाम आणि सामना मिळून आठवड्याचे 20 तास मिळतात, त्यातल्या छोट्या तुकडीच्या सरावात, तीच पावलं पुन्हा पुन्हा टाकून ती येते. तेव्हा मुख्य प्रशिक्षक बहुतेक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतो. पहिल्या सामन्यापासून नवव्यापर्यंत ही चूक कमी झाली असेल आणि पाचही मुलं तीच असतील, तर लाइनच्या प्रशिक्षकाबद्दल बोलायला तुझ्याकडे काहीतरी आहे. मुलं बदलली असतील तर गप्प बस.

डाव कोण पुकारतो तेही गृहीत धरू नकोस. पद एकाचं आणि हेडसेटवरून डाव सांगणारा आवाज दुसऱ्याचा, असं सर्रास असतं. सुरुवातीचे डाव आधीच लिहून ठेवलेले असतात, त्यात अख्ख्या खोलीचा हात असतो. मध्यंतरानंतरचे डाव वेगळे मोज. खेळाडूला हायस्कूलमधून कोणी आणलं, हा रकाना तर तू केलाच नाहीस. तो कर, कारण तो निर्णय दोन-तीन वर्षांपूर्वीचा असतो आणि घेणारा सहायक एव्हाना दुसऱ्या विद्यापीठात असू शकतो.

रागावू नकोस. तुझी नजर चांगली आहे, फक्त नाव लिहायची घाई आहे. रविवारी ते 40 स्नॅप कापून पाठव. प्रत्येक चुकीपुढे 'कोणाचा निर्णय' हा रकाना ठेव, आणि माहीत नसेल तिथे तो रिकामा सोड.