नंबर काय विकत आणायचेत का?

अरे,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा इकडं परभणीत लाईट गेलेली, गच्चीवर बसूनच वाचला. तुझ्या पायथन पॅकेजचं २.३.० व्हर्जन टाकलं, त्यात अक्षरांच्या तक्त्याची फाइल जायचीच राहिली, इन्स्टॉल करणाऱ्याला सुरुवातीलाच एरर, आणि तू विचारायलास की "सर, दोघातिघांनीच घेतलंय, गपचूप डिलीट करून त्याच नंबरनं परत टाकू का?"

नाही. बाहेर गेलेल्या नंबराला हात लावायचा नाही. पायपीआय, म्हणजे पायथनची पॅकेजेस जिथं टाकतो ती साइट, तसंही लावू देत नाही, फाइल उडवली तरी ते नाव परत वापरता येत नाही. मग आता तू गिटहबवरचा टॅग, म्हणजे त्या वेळच्या कोडला लावलेली नंबरची चिठ्ठी, हलवायच्या मागं लागशील, मला माहितंय, कारण मी लागलो होतो.

माझं जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडात आणायचं टूल होतं ना, त्याच्या १.४.० ची गोष्ट. जुन्या फाँटात रफार अक्षराच्या नंतर टाइप करतात, युनिकोडात तो र आधी लागतो, आणि मधे मात्रा आली की माझा कोड गडबडायचा, 'वर्षे'चं 'वषेर्' व्हायचं. तासाभरात सापडलं, एका ओळीची दुरुस्ती. टॅग फोर्सनं हलवला, झिप बदलली, नंबर तोच ठेवला, कुणाला काय कळतंय म्हणलं. आठ दिवसांनी नांदेडच्या एका डीटीपीवाल्याचा फोन, अख्ख्या पुस्तकात रफार उलटे पडलेत म्हणून. मी त्याला ठासून सांगितलं की १.४.० मध्ये हे होणारच नाही, तो म्हणतो माझ्याकडं १.४.० च आहे. दोघंही खरं बोलायलो होतो! तीन दिवस त्याच्या कीबोर्डला, फाँटला, विंडोजला दोष दिला, मग त्याची झिप मागवली तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आणि टॅग हलवून उपयोग पण नाही रे. ज्यानं आधी घेतलाय त्याच्याकडं साध्या फेचनं, म्हणजे नवं ते ओढून घेतलं तरी, जुनाच राहतो. गिट, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारं टूल, त्याच्या मॅन्युअलमध्ये यावर वेगळा भागच आहे, चुकलं हे कबूल करा आणि नवं नाव द्या असाच त्याचा अर्थ. मी तो नंतर वाचला.

मी तेव्हा एकटा होतो, नोकरी करून रात्री हे करायचो, कुणी सांगणारं नव्हतं. बरं, हे पण अर्धंच खरं. १.४.१ टाकलं की चूक चारचौघात दिसते, त्याची लाज वाटली. तुलाही तीच वाटायलीय. कामून? सातबाऱ्यावर चुकलं तर व्हाइटनर लावतात का, फेरफाराची नोंद होते, जुनं काय होतं ते पण दिसतं. नंबर काय विकत आणायचेत का तुला, २.३.१ घे, २.३.२ घे.

२०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा सापडला, त्यातला तो सुरू करणारा तुकडा रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या गठ्ठ्यात होता, गिटमध्ये नव्हताच. म्हणून म्हणतो, एक नंबर म्हणजे एकच कोड, टॅगमध्ये तोच, पॅकेजमध्ये पण तोच.

तर आता २.३.० यँक कर, डिलीट नको. यँक केलं की नव्या माणसाला पिप, म्हणजे पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल, ते देत नाही, पण ज्यानं नेमकं तेच पिन केलंय, म्हणजे तोच नंबर पक्का लिहिलाय, त्याचं मोडत नाही. २.३.१ चा टॅग मार, दुसऱ्या फोल्डरात तो ताजा क्लोन करून, म्हणजे कोडची नवी प्रत उतरवून, तिथनंच पॅकेज बनव. अपलोडच्या आधी रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ते इन्स्टॉल करून एक ओळ तरी चालवून बघ, तुझ्या फोल्डरात तर ती फाइल आहेच, तिथं सगळं चालणारच की. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, सरळ लिही, २.३.० मध्ये तक्त्याची फाइल राहिली होती. 'किरकोळ सुधारणा' असलं काही लिहिलंस तर मी स्वतः गिटहबवर तक्रारीचा इश्यू टाकीन.

माझ्या त्या दोन्ही झिप अजून जुन्या हार्डडिस्कवर आहेत. नाव एकच, साइजमध्ये बारा बाइटचा फरक. लातूरहून इकडं आलास की दाखवतो.