निर्णय चुकला तर जबाबदारी कोणाची, माझी की गुरूंची?

गुरूंनी सांगितलं म्हणून तुम्ही नोकरी सोडली, आता हात रिकामे आहेत आणि घरात बोलणी खावी लागतात. अशा वेळी जबाबदारी स्वतःवर घेणं ही साधना कशी, असं तुम्ही विचारलंय. मी अभ्यासक नाही, पण याच गुंत्यात माझी बारा वर्षं गेली, म्हणून लिहितो.

मुंबईत लालबागला आमची पागडीची खोली होती, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली. २००४ साली ती विकली आणि घरमालकाचा हिस्सा जाऊन जे हातात आलं त्यात डोंबिवलीला फ्लॅट घेतला. विकायचा सल्ला थोरल्या भावाचा. पुढे लालबागचे भाव कुठल्या कुठे गेले, आणि मी रोज ८.१२ च्या फास्ट लोकलला लोंबकळत मनात एकच जप करायचो: दादामुळे, दादामुळे. एकदा डब्यातल्या भजनी मंडळाच्या बुवांपुढे हे सगळं ओकलो. टाळ पिशवीत ठेवत त्यांनी विचारलं, "कागदावर सही कोणाची होती?"

माझी होती. पेन उमटेना म्हणून आधी वर्तमानपत्राच्या कडेला गिरवून पाहिलं होतं, तेही आठवलं. म्हणजे थांबायला तेवढा वेळ होता. मला घरातला संडास हवा होता, सकाळची रांग नको होती. ते दादाने ठरवलं नव्हतं.

गीतेत सगळं सांगत आल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, "यथेच्छसि तथा कुरु" (१८.६३). पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. साक्षात भगवंताने निर्णय शिष्याच्या हातात ठेवला, तर तुमच्या गुरूंच्या सांगण्याने तो तुमच्या हातातून कसा जाईल?

पण सगळंच डोक्यावर घेऊ नका, हेही तितक्याच कळकळीने सांगतो. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. बाबांना पुन्हा कामावर घेतलं नाही. शेवटपर्यंत म्हणायचे, "पोरांच्या तोंडचा घास मीच काढला." याला जबाबदारी घेणं म्हणत नाहीत, ते आतून स्वतःला कुरतडत होते. त्याच अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवं दैव. करणारा त्या पाचांतला एक. बाबांना हे कोणी वेळेवर वाचून दाखवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपला वाटा तेवढा ओळखायचा, कमी नाही आणि जास्त नाही. त्यासाठी मी रोज रात्री वहीत दिवसातला एक निर्णय लिहितो. वाक्यात 'मुळे' येऊ द्यायचं नाही. "साहेबांमुळे उशीर झाला" असं नाही; "साहेब थांब म्हणाले, मी थांबलो." हात तिथेच अडतो. नाम घेताना मन भरकटलं की परत आणतो ना, तसंच ते वाक्य परत आणायचं. तुम्ही आज एवढंच लिहा: "गुरूंनी सांगितलं. राजीनामा मी लिहिला."

वही सुरू केल्यावर वर्षभराने दादाकडे गेलो. म्हटलं, खोली मी विकली होती, तुझ्यावर उगाच राग धरला. तो बराच वेळ गप्प होता. मग आत बघून वहिनीला म्हणाला, "हा जेवून जाईल गं."