जुन्या इंजिनाची तेलगळती : आधी उगम शोधा, मग पाना हाती घ्या

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९८७ सालची ३५० सी.सी. बुलेट माझ्याकडे आहे. ती साधारणपणे रविवारीच बाहेर निघते. इंजिनाच्या उजव्या बाजूला आणि तळाशी सतत तेल असते. टायमिंग कव्हरचे (उजव्या बाजूच्या दातेरी चाकांवरील झाकणाचे) पॅकिंग वर्षभरात दोनदा बदलले, दुसऱ्या वेळी वरून सिलिकॉनही लावून घेतले, तरी महिनाभरात पुन्हा तेच. दर रविवारी निघण्यापूर्वी डिपस्टिक पाहतो, तर पातळी खाली गेलेली असते, म्हणून थोडे तेल ओततो. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे निळसर धूर येतो. मेकॅनिक म्हणतात, "बुलेट आहे, गळणारच." हे खरे मानायचे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : खरे मानू नये. जुनी बुलेट अगदी कोरडी ठेवणे कष्टाचे असते हे मान्य. पण तिच्याखाली दर आठवड्याला पुठ्ठा अंथरावा लागत असेल, तर त्यामागे नेमके कारण असते आणि ते सापडते. आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते डिपस्टिकचे वाक्य. गळतीचे मूळ बहुधा तिथेच आहे.

या इंजिनात तेलाची टाकी वेगळी लटकवलेली नसते. ती क्रँककेसच्याच, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीच्याच, ओतीव भागात, फ्लायव्हीलच्या मागच्या बाजूला असते. एक पंप टाकीतले तेल क्रँककडे पाठवतो आणि दुसरा पंप तळाशी साचलेले तेल उचलून परत टाकीत टाकतो. इंजिन चालू असते तोवर हा हिशेब बरोबर राहतो. गाडी आठ दिवस उभी राहिली, की टाकीतले तेल पंपाच्या झिजलेल्या फटीतून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते. म्हणजे आपण रविवारी सकाळी डिपस्टिक पाहता तेव्हा तेल संपलेले नसते, ते फक्त खालच्या खणात गेलेले असते. आपण वरून आणखी ओतता, किक मारता, फ्लायव्हील त्या साचलेल्या तेलात घुसळण करू लागते, काही तेल पिस्टनच्या रिंगांवरून वर जाऊन निळा धूर होतो आणि उरलेले ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) व जो सांधा कच्चा असेल तिथून बाहेर पडते. परतीचा पंप पुढच्या काही मिनिटांत तेल टाकीत नेऊन ठेवतो, धूर थांबतो, आणि टाकीत आता गरजेपेक्षा जास्त तेल झालेले असते.

म्हणून यापुढे पातळी पाहण्याची वेळ बदला. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून आणा, सपाट जागी उभी करा, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांनी डिपस्टिक पाहा. तीच खरी पातळी. त्यानंतर एक चाचणी करा. गाडी आठवडाभर उभी ठेवा आणि सुरू न करता क्रँककेसचा तळाचा प्लग उघडून तेल मोजपात्रात घ्या. टाकीचा प्लग वेगळा असतो, तो चुकून उघडू नका. चहाचा एखादा कप भरेल इतके तेल निघाले तर माझ्या मते काळजीचे कारण नाही. अर्धा लिटरभर निघाले, तर पुरवठ्याच्या पंपाकडे लक्ष द्यावे लागेल. टायमिंग कव्हरवरचे पंपाचे झाकण उघडले, की स्प्रिंगने दाबून धरलेली एक चकती दिसते. ती चकती आणि तिची बैठक यांवर ओरखडे पडले असतील तर अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून त्या एकमेकींवर हाताने घासून घ्याव्या लागतात. हे काम सावकाश करायचे असते आणि त्यानंतरची धुलाई घासण्याइतकीच महत्त्वाची असते, कारण पेस्टचा कण पंपात राहिला तर तो पुढे बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, बेअरिंगपर्यंत जातो.

दुसरी पाहायची गोष्ट ब्रीदर. या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे; म्हणजे पिस्टन खाली येतो तेव्हा दर फेरीला ३४६ घन सेंटिमीटर हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. ती हवा ब्रीदरमधून बाहेर जायला हवी आणि पिस्टन वर जाताना परत आत यायला नको. त्यासाठी नळीला एकाच दिशेने उघडणारा, बदकाच्या चोचीसारखा रबरी वॉल्व्ह असतो. रबर जुने होऊन कडक झाले, चिकटले किंवा नळी कुठे मुडपली, तर आतला दाब वाट शोधतो आणि पॅकिंगच्या सांध्यातून तेल ढकलून बाहेर काढतो. माझ्या स्वतःच्या बुलेटवर मी रॉकर कव्हरचे (वॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरवरील झाकणाचे) पॅकिंग तीन वेळा बदलले. चौथ्या खेपेला ब्रीदरची नळी काढली, तर तो रबरी तुकडा नखाने टोकरला तरी दबत नव्हता, आणि चोचीच्या दोन्ही पाकळ्या एकमेकींना पक्क्या चिकटल्या होत्या. तो बदलला आणि तेच तिसरे पॅकिंग पुढे कोरडे राहिले. आपण इंजिन चालू असताना ब्रीदरच्या तोंडापाशी ओले बोट धरून पाहा. हवेचे झोत बाहेर येताना जाणवले पाहिजेत आणि बोट आत ओढले जाता कामा नये.

हे दोन्ही निस्तरल्यावरच गळणारा सांधा शोधायचा. थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुवा, फिन्समधली जुनी माती काढा, फडक्याने पुसून उन्हात पूर्ण वाळू द्या आणि मग सगळ्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. पाच किलोमीटर जाऊन या. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ स्पष्ट उमटते. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे नेतो आणि वजनाने ते खाली उतरते, म्हणून जिथून थेंब पडतो ती जागा सहसा दोषी नसते. रेघेचे सर्वांत वरचे आणि सर्वांत पुढचे टोक पाहावे. टायमिंग कव्हर गळते असे समजून दोनदा उघडले गेले, आणि खरा झिरपा वर सिलिंडर हेडकडे जाणाऱ्या रॉकरच्या तेलनळीचा होता, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्या नळीच्या बँजो बोल्टला (ज्याच्या आतून तेल जाते त्या पोकळ बोल्टला) तांब्याचे वॉशर असतात. एकदा दाबले गेलेले तांबे कडक होते आणि पुन्हा नीट बसत नाही. नवे वॉशर मिळाले नाहीत तर जुनेच गॅसवर चिमट्यात धरून लालसर होईपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. तांबे पुन्हा मऊ होते. वरची काळी पापुद्री पॉलिश पेपरने काढून मग बसवा.

कव्हर उघडावेच लागले, तर जुने पॅकिंग स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका. ॲल्युमिनियमला पडलेला एक ओरखडा म्हणजे तेलाला करून दिलेली वाट. थिनरने ते मऊ करून लाकडी पट्टीने काढा. मग जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर तेलाचे दोन थेंब टाका आणि कव्हर हलक्या हाताने आठाच्या आकारात फिरवा. कुठे चमक येते आणि कुठे काळे राहते यावरून कव्हर वाकले आहे का ते कळते. पूर्ण सांध्यावर एकसारखी चमक आली, की ऑइल पेपरचे पॅकिंग बसवताना एका बाजूला ग्रीसचा पातळ हात पुरतो. सिलिकॉनला माझा विरोध आहे. जाड थर लावून आवळले, की ते आतल्या बाजूलाही तेवढेच बाहेर येते, तेथून त्याचे तुकडे सुटतात आणि तेलाच्या बारीक वाटा बुजवतात. आपल्या इंजिनाला ते लावले गेले असल्याने कव्हर उघडाल तेव्हा आतली प्रत्येक वाट हवेने फुंकून घ्या आणि फेल्टचा फिल्टरही बदला.

आवळण्याबाबतही जपावे. मद्रासमध्ये १९५५ पासून बनत आलेल्या या गाडीची मूळ मांडणी ब्रिटिश असल्याने अनेक ठिकाणी ब्रिटिश मापाचे आटे आहेत. मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावला की नटाचे कोपरे जातात. गळती थांबत नाही म्हणून जोर लावला, तर ॲल्युमिनियममधले आटे मरतात. डाव्या बाजूचे चेनकेसचे (इंजिन आणि क्लच यांमधल्या चेनच्या पेटीचे) कव्हर तर मधल्या एकाच नटावर बसते. तो जास्त आवळला, की कव्हर मध्ये दबते आणि कडा उचलल्या जातात. तिथे रबराची पट्टी नवी घाला आणि नट बेताने आवळा.

प्रश्न : माझ्या जुन्या येझदीचे गिअरबॉक्समधले तेल कमी होते, पण जमिनीवर फारसे पडलेले दिसत नाही. किकच्या दांड्यापाशी मात्र ओल असते. हल्ली धूर खूप वाढला आहे आणि प्लग सारखा ओला होतो.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : या दोन वेगळ्या गळत्या आहेत आणि त्यांतली न दिसणारी अधिक घातक आहे.

किकच्या दांड्यापाशी दिसणारी ओल साधी आहे. म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्यांत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. तो किक मारताना आणि प्रत्येक गिअर बदलताना फिरतो, त्यामुळे शाफ्ट आणि त्याची बैठक दोन्ही झिजतात. सील बदलून महिनाभरात पुन्हा ओल आली, तर शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहा. तो खेळत असेल तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) बदलल्याशिवाय कोणतेही सील टिकणार नाही.

धूर आणि ओला प्लग यांचे कारण बहुधा क्रँकचे डावे सील. डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये तेल एकच असते. दोन-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये निर्वात निर्माण होतो, आणि सील फाटलेले असेल तर तो निर्वात पेट्रोलच्या मिश्रणाबरोबर गिअरचे तेलही ओढून घेतो. ते जळून दाट धूर होतो, म्हणून आपल्याला जमिनीवर काही दिसत नाही. खात्री करायची तर गिअरबॉक्सचे तेल पातळीच्या प्लगपर्यंत भरा, शंभर किलोमीटर चालवा आणि पुन्हा मोजा. बाहेर दिसणाऱ्या ओलीच्या मानाने घट बरीच अधिक असेल, तर निष्कर्ष निघाला. याकडे दुर्लक्ष करू नये, कारण तेल कमी पडलेल्या गिअरबॉक्सचे नुकसान सीलच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

सील बदलताना क्रँकचे टोक धरून वरखाली हलवून पाहा. बेअरिंग ढिले असेल तर शाफ्ट मध्यावर फिरत नाही आणि नवे सीलही थोड्याच दिवसांत फाटते. अशा वेळी बेअरिंग आणि दोन्ही सील एकत्र बदलणेच योग्य, जरी त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावे लागले तरी.

प्रश्न : माझ्या वीस वर्षे जुन्या १०० सी.सी. चार-स्ट्रोक गाडीला पुढच्या स्प्रॉकेटपाशी तेल दिसते. जाड तेल घातल्यास गळती थांबेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. जाड तेलाने थेंब सावकाश पडतील, पण थंड इंजिन सुरू होताना वरच्या कॅमपर्यंत तेल उशिरा पोहोचेल आणि झीज वाढेल. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्याच दर्जाचे तेल ठेवा.

आधी स्प्रॉकेटचे झाकण काढून आतला काळा लगदा साफ करा. चेनला घातलेले तेल आणि धूळ यांचा हा थर अनेकदा इंजिनाची गळती समजला जातो. साफ करून दोन दिवसांनी पाहा. ताजे, पातळ तेल दिसले तर स्प्रॉकेटच्या शाफ्टचे, गिअरच्या दांड्याचे किंवा क्लचच्या रॉडचे सील गेले आहे. तिन्ही तिथेच जवळजवळ असतात आणि तिन्ही स्वस्त आहेत, म्हणून एकदमच बदला. नवे सील बसवताना त्याचा स्प्रिंग असलेला ओठ आतल्या, म्हणजे तेलाच्या बाजूला हवा. शाफ्टच्या दातांवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या, ओठाला तेल लावा आणि सील सरळ आत सरकवा. कोरडे सील दातांवरून ओढले, तर ते पहिल्याच दिवशी चिरते.